एक जून

डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली, चष्मा कपाळावर सारला
आणि म्हणाल्या, बालामणीताई,
एक जूनला तुमची पन्नास पूर्ण झाली.
आज सोळा जुलै.
पन्नासच्या पुढं आम्हाला हात लावता येत नाही, कायदा आहे.

मी म्हटलं, माझी नाही झाली, मॅडम.
कार्डाची झाली.

ऐका की ओ.
बिडीच्या कारखान्यात कार्डाला अठरा लागायची.
मी चौदाची. बोटं तयार होती,
फर्म्यावर पान कापायला, चिमटीनं तंबाखू भरायला, दोरा मारायला.
वर्षं तेवढी कमी पडली.
बापानं चार वर्षं मास्तरांकडून लिहून आणली,
त्यांना एक चादर दिली, मोराची, स्वतःच्या मागावरची.
तारीख मास्तरांनी टाकली, सगळ्यांना टाकायचे तीच.
खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.
त्या रात्री मी अठराची म्हणून झोपले.

मग रोज हजार.
हजारातल्या वीस-तीस छाट निघायच्या,
चेकर बोटानं बाजूला सारायचा, मोजायचाच नाही.
दोन भावांची लग्नं, एका बहिणीचं,
कुंभारीच्या घरकुलाचे हप्ते.
माझं झालं एकोणचाळिसाव्या वर्षी.
मल्लेशम टॉवेलच्या लूमवर, पहिली बायको वारलेली.
एका कानानं कमी ऐकतो,
मी हळू बोललेलं मात्र त्याला कळतं.

सिव्हिलमध्ये गेलो. तिथं गोळ्या होत्या, सोनोग्राफी होती,
पहाटे पाचपासूनची रांग होती.
तेवढं एक नव्हतं.
ते सात रस्त्याजवळच्या काचेच्या दवाखान्यात,
एका वेळेचे पावणेदोन लाख,
पहिल्या वेळी जमेलच असं नाही.
मी भिशी लावली. दोन भिश्या.
एक वहिनीच्या ऑपरेशनला गेली.

सात वर्षांनी पैसे घेऊन आले, पिशवीत, शेंगा चटणीच्या पुडीखाली.

डॉक्टरीणबाई वाईट नाहीत.
त्यांनी पाणी दिलं, दार लावून घेतलं.
म्हणाल्या, खरी शेहेचाळीस धरली तरी बीजं फार थोडी राहिलीत,
तुमची स्वतःची धरतील असं मी सांगणार नाही.
तंबाखू?
खात नाही, म्हटलं. वळते.
त्यांनी काहीतरी लिहिलं. मग खोडलं.
कागद बदलून आणा, म्हणाल्या, मी बघते.
पण पन्नास खरी झाली की मीसुद्धा नाही.

आधारच्या खिडकीत पोरगा हसला.
मावशी, लोक वय वाढवून मागतात, पेन्शनला.
कमी करून कशाला?
मागं रांगेत आमच्याच गल्लीतल्या दोघी.
मी म्हटलं, असंच.

बापाचा राग यावा म्हणून मी दोन दिवस थांबले.
आला नाही.
त्याच्याकडं द्यायला दुसरं काही नव्हतं,
म्हणून त्यानं मला चार वर्षं दिली.
कुणाची काढून आणली, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

आज कोर्टाबाहेर आलोय, मी आणि आई.
टाइपवाला म्हणतो, पुरावा काय?
जन्माचा दाखला? शाळा? दवाखाना?
आई बाकावर पाय वर घेऊन बसलीय,
तेलुगूत सांगते, मी मराठी करते:
ही झाली तेव्हा मिलचा भोंगा तीन दिवस वाजला नव्हता.
म्हणून वेळ कळली नाही.
थोरल्याच्या पाठीवर पाच वर्षांनी, थंडीत.
सुईणीनं हिला मागाखालच्या खड्ड्यात ठेवलं,
तिथं ऊब होती.

टाइपवाल्याची बोटं थांबतात.
आजी, हे कुठं लिहू?

आई त्याच्या कागदाकडं बघते.
तिला वाचता येत नाही, पण कोरं कळतं.
तिथं खाली, म्हणते. जागा आहे की.